लॉनमोअर आणि दोन माणसांचं पाणी

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार

रोजनिशीची माफी मागतो. भाऊबीजेनंतर एक ओळही लिहिली नाही. कामाचा व्याप होता, असं लिहिणार होतो, पण इथं खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. यंदा उसाअभावी कारखाना पेटलाच नाही. मी गेस्ट हाऊसच्या बागेचा सुपरवायझर, आणि बाग वाळून गेली. व्याप नव्हता.

आता आहे. आज स्टोअर झाडताना जुना लॉनमोअर सापडला. पहिल्या हंगामात तेव्हाचे चेअरमन सुंदरराव यांनी आणवलेला, पेट्रोलवरचा, विलायती. लग्नानंतरच्या वर्षी मी संध्याकाळी हिरवळीवर हा फिरवायचो आणि विमल पायरीवर येऊन बसायची. कापलेल्या गवताचा वास तिला आवडायचा. तसं ती कधी म्हणाली नाही. पण बसायची.

संकल्प: गुढीपाडव्याच्या आत इंजिन चालू करणे. विमल नगरला भावाकडे, मोहनरावांकडे आहे. भाऊबीजेला गेली आणि इथल्या पाण्याच्या हालामुळे थांबली. पाणी आलं की येते, म्हणाली. पाडव्याला येईलच.

२१ फेब्रुवारी

इंजिन उघडलं. पिस्टन जाम. रॉकेल ओतून ठेवलं आहे. कार्ब्युरेटरमध्ये कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. रिकामंच होतं, तरी फोडताना बरं वाटलं नाही.

२७ फेब्रुवारी

आज टँकर. टँकरमागं एक छोटं इंजिन बसवलेलं आहे, ते पाणी कॉलनीच्या टाकीत चढवतं. त्याची फटफट ऐकू आली की सगळी कॉलनी घागरी घेऊन धावते. इंजिनचं ट्यूनिंग वाईट आहे. ड्रायव्हरला तसं सांगितलं. तो 'हो हो' म्हणाला.

वॉचमन धर्मराज माणशी दोन घागरी देतो. माझ्या घरी किती माणसं धरायची, असं त्यानं विचारलं. दोन, म्हणालो.

"वैनी हायत का न्हाईत, एवढंच सांगा साहेब."

आहेत, पण नगरला आहेत, असं स्पष्ट सांगितलं. लपवलं काहीच नाही. तो जरा हसला आणि चार घागरी दिल्या.

हे बरोबर झालं का, याचा घरी येऊन विचार केला. समजा विमल संध्याकाळच्या एसटीनं आली आणि हातपाय धुवायलाही पाणी नसलं, तर? तेव्हा बरोबरच. तिच्या घागरी वेगळ्या ठेवल्या, फडकं बांधून.

६ मार्च

विमलचा फोन. तिकडं शेजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवायला घेतलेत, तर शिलाई मशीन पाठवून द्या, म्हणाली. मी समजावलं की टेम्पोत मशीनची अलाइनमेंट बिघडते, थोड्या दिवसांसाठी कशाला? मग जेवता ना, असं तिनं विचारलं. पिस्टन सुटला, म्हणालो.

पिस्टन सुटला तो तिच्याच मशीनच्या तेलानं. त्या तेलाच्या डबीचं नाक लांब, नेमकं आतपर्यंत जातं. डबी निम्मी झाली. भरून ठेवणे.

१५ मार्च

एक मूलभूत अडचण लक्षात आली. इंजिन चालू झालं तरी कापायचं काय? लोड न देता टेस्ट घेणं अशास्त्रीय. गेस्ट हाऊसच्या बंद नळाखाली हरळीची मुळं अजून जिवंत आहेत. विमलच्या घागरींतलं पाणी आठ दिवस पडून होतं. शिळं पाणी पिऊ नये, हे तीच म्हणायची. फेकण्यापेक्षा हरळीला घातलं.

२४ मार्च, धुळवड

कॉलनीत कोरडे रंग खेळले. धर्मराज बोलवायला आला होता. मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून गॅस्केट कापत होतो, हात ग्रीसनं भरलेले. नंतर येतो म्हणालो. गेलो तेव्हा सगळे घरोघरी गेले होते.

हरळी हिरवी दिसू लागली आहे. हे विमलला फोनवर सांगायचं नाही. आल्यावर दिसेल.

८ एप्रिल, पाडवा

इंजिन चालू झालं नाही. विमल आली नाही. दोन्हींचं कारण ऊन. एवढ्या उन्हात माणूस प्रवास कसा करणार, आणि पेट्रोलही टाकीतच उडून जातं. दोरी ओढून ओढून उजवा खांदा भरून आला. प्लगला ठिणगी आहे. मग अडतं कुठं, कळत नाही.

गुढी उभारली. श्रीखंड आणलं नाही, एकट्याला डबा संपत नाही.

नवीन संकल्प: अक्षय तृतीया.

१२ एप्रिल

कॉलनीमागच्या वस्तीत ऊसतोडीहून माणसं परत आली. त्यांतली दगडाबाई दारात आली होती. तिची सून ओली बाळंतीण. फेब्रुवारीत माणसं मोजली तेव्हा हे लोक इथं नव्हते, म्हणून धर्मराज त्यांना पाणी देत नाही. एक घागर मिळेल का, म्हणाली.

मी नीट समजावलं. माझ्या वाट्याचं देण्याइतकं उरत नाही, आणि दुसरं पाणी मंडळींचं आहे. ते माझ्याकडं ठेव म्हणून आहे. परवानगीशिवाय कसं देणार? ती 'बरं' म्हणाली आणि गेली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

परवानगी विचारायला विमलला फोन केला. उचलला नाही. तत्त्व म्हणून माझंच बरोबर होतं. तरी जेवण गेलं नाही.

३० एप्रिल

युसूफ वडगाव या गावच्या बाजारात जुन्या मोपेडचा प्लग मिळाला, अगदी बसतो. सायलेन्सर गंजून गळून पडला. त्याचं काही नाही, आवाज थोडा वाढेल इतकंच.

गवत घोट्याएवढं झालं. जागा म्हणाल तर एका खाटेची, पण दाट. शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती काटे लावले. सकाळी थोडा वेळ तिथं बसतो. जिल्ह्यात दुसरी हिरवळ नसेल. सांगायला कुणीतरी हवं होतं.

८ मे, रविवार

इंजिन चालू झालं.

सकाळी तिसऱ्या ओढीला. आधी एक खोकला, मग काळा धूर, मग फटफट फटफट. मी मोठ्यानं हसलो, एकटाच. तेवढ्यात गेटकडं लक्ष गेलं. बघतो तर अर्धी कॉलनी येत होती. वस्तीतल्या बायकाही. क्षणभर वाटलं, सगळे मशीन बघायला आले.

सगळ्यांच्या हातात घागरी होत्या.

टँकर कुठं उभा केला, असं कुणीतरी विचारलं. मी इंजिन बंद केलं आणि हे गवत कापायचं मशीन आहे म्हणून सांगितलं. कुणी रागावलं नाही. एक म्हातारी चौथऱ्यावर बसली. ती कॉलनीच्या पार त्या टोकाहून पळत आली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "लई झ्याक साहेब. आता गवत तेवढं आना."

लोक हसले. मीही हसलो. बोट दाखवायला नको होतं, पण कौतुकानं दाखवलं. गवत आहे, ते बघा.

सगळ्यांनी बघितलं. हसणं थांबलं. दगडाबाई काट्यांजवळ गेली, वाकली आणि तिनं माती चाचपली. ओली होती, कालच घातलं होतं.

"वैनीची घागर हितं ओतली व्हय, साहेब?"

आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं. शिळ्या पाण्याचं, टेस्टचं, लोडचं, सगळी उत्तरं माझ्याकडं तयार होती. एकही दिलं नाही. ती रिकामी घागर काखेला लावून गेली. बाकीचेही गेले. धर्मराज शेवटी गेला, गेट ओढून घेऊन.

नंतर मशीन पुन्हा चालू केलं. पहिल्याच ओढीला चालू झालं. एका फेरीत गवत संपलं. कापणी अगदी एकसारखी, पाती उत्तम. मग तो वास आला. मी पायरीवर जाऊन बसलो.

तिथून दिसतं फक्त कारखान्याचं धुराडं आणि मशीन ढकलणाऱ्याची पाठ. वर्षभर ती रोज तेवढंच बघत होती.

९ मे, अक्षय तृतीया

टँकर आला. धर्मराजनं विचारायच्या आत सांगितलं, माझ्या घरी एक माणूस. त्यानं फक्त मान हलवली. त्याला आधीपासून माहीत असावं. सगळ्यांनाच असावं. वरच्या दोन घागरी दगडाबाईकडं जाव्यात, असंही सांगितलं. तिनं नेल्या. माझ्याकडं बघितलं नाही, ते ठीक आहे.

विमलला फोन केला. पाडव्याचं, पाण्याचं काहीच काढलं नाही. टेम्पो ठरवतो, शिलाई मशीन पाठवतो, म्हणालो. ती म्हणाली, "नीट बांधा. अन् तेलाची डबी आठवणीनं ठेवा संगं." मी ठेवतो म्हणालो. जेवता ना, हे आज तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं, जेवतो.

लॉनमोअर पुसून स्टोअरमध्ये ठेवला. पेट्रोल काढून घेतलं.

डबी हलवून बघितली. थेंब नाही.

उद्या: शिलाई मशीनचं तेल आणणे.