एकविसावा दिवस

४ फेब्रुवारी

मीच. मीच सांगितलं होतं मला!

नवी डॉक्टर बुटकी आहे. टेबलामागे जेमतेम दिसते, पण प्रश्न असे टाकते की माणूस आपोआप ताठ बसतो. माझी फाइल पहिल्या पानापासून वाचली तिने. तीन वर्षांत कुणी वाचली नव्हती. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "पाळी किती दिवसांनी येते?"

"पस्तीस. पण अगदी ठरलेली."

"मग प्रोजेस्टेरॉन एकविसाव्या दिवशी कसं काय केलं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं तपासणीचं नाव होतं. दिवस लिहिलेलाच नव्हता. दिवस मी ठरवला. चौदा वर्षं लॅबमध्ये रक्त घेतेय, काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगतेय — पाळीच्या एकविसाव्या दिवशी या, उपाशी यायची गरज नाही. तेच मला सांगितलं. वर सुई टोचायला आमच्या लॅबचं मशीन चालवणाऱ्या मुलीला, मशीनवालीला बसवलं आणि ऐटीत म्हटलं, बघ हं, शीर नीट धर!

बुटकीने कागदावर रेघ मारून समजावलं. अंडं सुटल्यावर हे हार्मोन चढायला लागतं, साधारण सात दिवसांनी सगळ्यात वर असतं, मग उतरतं आणि पाळी येते. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असेल तर तो वरचा दिवस एकविसावा. माझं पस्तीसचं. म्हणजे एकविसाव्या दिवशी माझं अंडं नुकतं कुठे सुटत असणार. "पाहुणे संध्याकाळी यायचे होते. तुम्ही सकाळीच दार उघडून बघितलंत आणि म्हणालात, कुणी आलंच नाही."

दोनदा केली होती तपासणी. १.९ आणि १.७. त्यावरून ठरलं की अंडं सुटत नाही. त्यावरून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, सोळाव्या दिवसापासून. तर म्हणे, अंडं सुटायच्या आधीच त्या सुरू केल्या की सुटणंही अडू शकतं! बंद करा, म्हणाली. एक महिना काही न घेता, बरोब्बर दिवशी बघू.

तीन वर्षं. पस्तिसाची होते, अडतिसाची झाले. दुसऱ्या कुणावर तरी ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

आज एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. सवयीने "एकविसाव्या—" म्हटलं आणि जीभ चावली. विचारलं, पाळी किती दिवसांनी? ती म्हणाली, चाळीस-बेचाळीस. तिला आत बसवून पाणी दिलं. पाण्याची गरज खरं तर मला होती.

६ फेब्रुवारी

नवऱ्याला काल सांगितलं. लिफ्टच्या शाफ्टमधून आला होता, कोपरापर्यंत ग्रीस. मी दारातच सुरू झाले, त्याला हातसुद्धा धुऊ दिले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुझं ठीक असेल?"

"असेल! कदाचित सुरुवातीपासून!"

"हं."

मग हात धुवायला गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

मला वाटलं होतं तो चिडेल. तीन वर्षं वाया घालवलीस म्हणेल. मी तर तयारीनेच उभी होते. पण हा माणूस चिडतच नाही. पहिला आकडा आला त्या दिवशीही मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडत होते तर शेजारी येऊन बसला, म्हणाला, "जाऊ दे गं. आपण दोघं आहोत ना." पुढे गोळ्या सुरू झाल्या त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी स्वतःच्या फोनमध्ये नऊचा गजर लावला. तेव्हापासून रोज नऊला गजर वाजतो, पाण्याचा पेला येतो. गोळीचे दिवस नसले तरी पेला येतोच. मैत्रिणी म्हणतात, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

सासूबाईंना अजून सांगितलं नाही. माझा १.९ कळला तेव्हा त्या एक छोटा पिवळा स्वेटर विणत होत्या. आठवड्याने बघते तर स्वेटर उसवलेला आणि त्याच लोकरीचे स्वतःच्या मुलासाठी मोजे! ते तो अजून घालतो. लिफ्ट दुरुस्त करणारा सहा फुटी माणूस आणि पायात कोंबडीच्या पिल्लाच्या रंगाचे मोजे.

११ फेब्रुवारी

पाळी आली. पहिला दिवस. कॅलेंडरवर गोल केला. गोळी नाही.

१९ फेब्रुवारी

आज धीर करून लॅबच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आपण काउंटरवर सगळ्यांना एकविसावा दिवस सांगतो, ते चूक आहे. ज्यांचं चक्र लांब आहे त्यांचे आकडे खोटे कमी येतात.

साहेब सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाले, "आकडा खोटा नसतो. त्या दिवसाचा आकडा तोच असतो. अर्थ डॉक्टरांनी लावायचा."

"पण दिवस आपण सांगतो ना!"

तेव्हा डोळा वर आला. म्हणाले, "काउंटरवरची पाटी बदला." बस, एवढंच. पाटी मी तिथल्या तिथे बदलली. 'पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सात दिवस आधी.' अक्षर जरा मोठंच काढलं.

पण आधी येऊन गेलेल्यांचं काय? जुना कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी बंद पडला, त्याच्यातलं सगळं गेलं. उरले ते फॉर्म. फॉर्मवर पाळीची तारीख आणि चक्र किती दिवसांचं ते लिहिलेलं असतं — लिहिते कोण? मीच! 'चक्र ३६' असं माझ्याच अक्षरात लिहून त्याखाली 'एकविसाव्या दिवशी' असंही लिहिलंय. हात लिहीत होता, डोकं घरी होतं.

माळ्यावरची खोकी उतरवून घेतली. जेवणाच्या सुट्टीत एकेक बघणार.

३ मार्च

एकविसावा दिवस. बुटकी नको म्हणाली होती, तरी मुद्दाम रक्त दिलं. स्वतःचं समाधान. १.८.

म्हणजे अगदी तसंच, तीन वर्षांपूर्वीसारखं. मशीनवालीचा चेहरा पडला. मी मात्र हसले. ती म्हणाली, ताई, बऱ्या आहात ना?

१० मार्च

अठ्ठाविसावा दिवस.

१३.६!

मशीनवाली आतून धावत आली, हातात कागद. मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते. त्यांना म्हटलं, आजोबा, दोन मिनिटं मूठ सोडा. आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. आजोबा घाबरले — म्हणाले, "बाई, माझं रक्त नंतर घेतलं तरी चालेल."

सुटतं माझं अंडं. सुटतच होतं. मी वांझ नाही. हा शब्द मला कुणी कधी म्हटला नाही, मीच म्हणत होते, न्हाणीत, नळ सोडून. आज पहिल्यांदा लिहिला आणि खोडलासुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याच्यासमोर कागद नाचवला. त्याने हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, जणू मागेही काही लिहिलेलं असेल. "छान," म्हणाला. मग म्हणाला, खालच्या लिफ्टचा आवाज येतोय, बघून येतो. मला तर काही आवाज येत नव्हता. तासाने आला.

१४ मार्च

आज त्याला म्हटलं, बुटकी विचारत होती, तुझी तपासणी कधी झाली? मी सांगितलं, कधीच नाही. माझ्यातच सापडलं म्हणून पुढे कुणी शोधलंच नाही. साधी असते तुझी तपासणी, सुईसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात करू या?

"करू."

"सोमवारी?"

"सोमवारी मोठं काम आहे. बघू."

पुरुषांचं हे असं. दहा मजले उंचीवर दोरखंडाला लटकतील, पण एका प्लॅस्टिकच्या डबीला घाबरतील.

१८ मार्च

आली.

१९ मार्च

सकाळी बुटकीला फोन केला. ती म्हणाली, तो आकडा एवढंच सांगतो की अंडं सुटलं. मूल राहील असं तो कधीच म्हणत नाही. मला माहीत होतं. पण आठ दिवस मी त्या आकड्याकडून तेही वदवून घेतलं होतं. बसमध्ये पोटावर पर्स धरून बसत होते, कुणाचं कोपर लागू नये म्हणून! हसू येतं. नाही, येत नाही.

सासूबाईंनी काही न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून दिली. दिवस त्याही मोजत असतात तर.

२१ मार्च

खोक्यांतून नऊ जणी निघाल्या. चक्र लांब, रक्त एकविसाव्या दिवशी, आकडा कमी. साहेबांना विचारलं. म्हणाले, "कळवा. लॅबच्या नावाने कळवा." माणूस वाटतो तितका दगड नाही.

चौघींचे नंबर बदललेले. एक हसत सुटली — "अहो, मला जुळे झाले! एक आत्ता माझ्या केसांना लोंबकळतोय!" दोघींनी नव्याने तारीख घेतली. एकीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

आणि एक गाणं शिकवणारी बाई. मला आठवत होती. शीर सापडत नव्हती तर गुणगुणत बसली होती. सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "तो कागद दाखवूनच त्यांनी मला माहेरी पाठवलं, ताई. दुसरं लग्नही केलं. आता हे कळून मी काय करू?"

मी म्हटलं, माफ करा. ती म्हणाली, "तुमचा हात हलका होता. दुखलं नव्हतं."

हे नसतं बोलली तर बरं झालं असतं.

२४ मार्च

आज शेवटचं खोकं. हे आमचं नव्हे, पुलापलीकडची शाखा गेल्या महिन्यात बंद झाली, तिथून आलेलं. त्यावर लिहिलंय: 'न नेलेले रिपोर्ट'. दर लॅबमध्ये असं एक खोकं असतं. लोक तपासणी करतात, पैसे भरतात आणि रिपोर्ट न्यायला येतच नाहीत. आम्ही हसतो त्यांना. पिन मारलेले लिफाफे, तीन वर्षं सांभाळायचे, मग फाडायचे.

बायकांचे बाजूला काढत होते. मध्ये एक पुरुषाचा आला. वीर्यतपासणी. नाव अनोळखी. फाडायच्या ढिगात टाकणार तोच खालच्या फोन नंबरावर नजर गेली.

तो नंबर मला झोपेतही पाठ आहे.

पुलापलीकडे त्याचं वर्कशॉप. नमुना सगळ्या शाखांतून आमच्याकडेच येतो हे त्याला माझ्याकडूनच माहीत. म्हणून नाव खोटं. नंबर मात्र खरा दिला, नाहीतर रिपोर्ट तयार झाल्याचं कळणार कसं? तारीख बघितली. माझा १.९ आला त्याच्या दोन दिवस आधीची.

पिन जशीच्या तशी आहे. त्याने हा कधी बघितलाच नाही.

पर्समध्ये टाकला. दुपारभर रक्त घेत होते. एकाही शिरेला दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. हात आपलं काम करतच राहिले.

२५ मार्च

संध्याकाळी लिफाफा त्याच्यासमोर ठेवला. वरचं नाव ओळखलं त्याने. पिन त्यानेच काढली, नखाने, हळूहळू. एकच ओळ होती — शुक्रजंतू आढळले नाहीत. ती त्याने दोनदा वाचली. मी एकदाच.

"आणायला का गेला नाहीस?"

त्याने मोज्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "जाणारच होतो गं. पण त्याच दिवशी तुझा आकडा आला. तू रडत होतीस... आणि मला सुटल्यासारखं वाटलं."

नऊचा गजर वाजला. वाजतच राहिला. आज पाणी आणायला कुणी उठलं नाही.