मनगट मोडलं की डबा

४ मार्च, बुधवार

लेंटमधलं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं, बुधवारचं सूप-जेवण. चर्चच्या तळघरात तेच वाटाण्याचं सूप, तेच चिवट पाव, त्याच बायका. व्हर्लिन घर सोडून गेल्याला महिना होत आला. प्रत्येकीने माझ्या दंडावर हात ठेवून सांगितलं — ‘आर्डिस, आम्ही प्रार्थना करतोय.’ मग सगळ्या पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. बोलाचीच कढी, बोलाचाच भात!

चौतीस वर्षांचा संसार, आणि गेला कोणासाठी, तर दाताच्या दवाखान्यातल्या रॉशेलसाठी. तिचं घर तळ्याच्या पलीकडे. आमच्या मागच्या खिडकीतून तिथला दिवा दिसतो. पडदा शिवायला हवा.

वकिलाकडून घटस्फोटाचे कागद आलेत. सही करणार नाही. का, ते मलाच ठाऊक नाही.

७ मार्च, शनिवार

धावले. रस्त्यावर बर्फ, नाकातला श्वाससुद्धा गोठतो. डॉक्टरांनी वजनासाठी धावायला सांगितलं होतं, मी रागासाठी धावते. धावताना देवाशी भांडणं सोपं जातं. दम लागतो, त्यामुळे शब्द मोजकेच वापरावे लागतात. आज म्हटलं — तू बघत होतास. तेवढंच म्हटलं आणि पुलापर्यंत जाऊन परत आले.

८ मार्च, रविवार

पास्टर लिंडाल एकाकीपणावर बोलले. ज्याचे मोजे बायको घडी करून ठेवते, त्याने या विषयाला हात घालू नये.

१७ मार्च, मंगळवार

चर्चमधली मावीस बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. संध्याकाळच्या आत लव्हॉनने कोणी कुठल्या दिवशी जेवण पोहोचवायचं ते ठरवून टाकलं. आमच्या चर्चमध्ये हे तीच ठरवते. बाळंतपण, ऑपरेशन, मयत — लगेच हॉटडिश! खाली खिमा, त्यावर मशरूमचं डबाबंद सूप, वर बटाट्याचे तुकडे, आणि ओव्हनमध्ये तासभर. दुखणं कुठलंही असो, औषध एकच. मी स्वतः आजवर किती पोहोचवल्या असतील.

मनगट मोडलं की डबा, घर मोडलं की प्रार्थना. माझ्या दारी डबा आणला तर नवरे पळून जायची साथ घरी येईल, अशी भीती वाटत असावी बायांना.

लव्हॉन माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे. हे लिहून ठेवते, कारण हल्ली मला ते विसरायला होतं.

२४ मार्च, मंगळवार

सकाळच्या वाचनात जे स्तोत्र वाट्याला आलं, त्यात देवाने शत्रूंचे दात पाडावेत अशी विनंती आहे. दोनदा वाचलं. रॉशेल दातांच्याच दवाखान्यात आहे, तिची सोय होईल.

लाज वाटली. पण फार नाही.

५ एप्रिल, ईस्टर

ख्रिस्त उठला. मी उशिरा उठले. हॅम एकटीने खाल्लं, तेही थंड.

१६ मे, शनिवार

डुलुथ. अर्धी मॅरेथॉन पुरी केली! एकसष्टाव्या वर्षी! डाव्या गुडघ्याने शेवटी शेवटी असहकार पुकारला, पण ओढत नेलं त्याला. उजव्या हाताला सगळा वेळ सरोवर, आणि वारा असा की तोंड उघडलं तर दात थंड पडावेत.

छातीवरच्या क्रमांकाखाली माझं नाव छापलेलं होतं. कडेला उभी असलेली माणसं ते वाचून ओरडत होती. एक बाई, कडेवर मूल, मला जन्मात कधी पाहिलेलं नाही — ‘आर्डिस, छान चाललंय!’ म्हणाली. माझं नाव कीव न करता कोणी घेतलं, त्याला किती महिने झाले! तिथेच रडू फुटलं. लोकांना वाटलं, पायात गोळा आला.

संध्याकाळी मोटेलच्या पलंगावर धुरावलेला मासा कागदातूनच खाल्ला, बोटं चाटत. सोबत ध्रुवावर अडकलेल्या खलाशांचं पुस्तक. ते शेवटी स्वतःचे बूट उकळून खातात. निदान एकत्र बसून खातात.

२६ मे, मंगळवार

व्हर्लिनचं हृदयाचं ऑपरेशन झालं, काल त्याला रॉशेलच्या घरी आणलं. लव्हॉनचा फोन. आधी हवा, मग माझे गुडघे, मग मुद्दा.

‘डब्यांचे सगळे वार भरलेत. गुरुवार तेवढा कोणी घेत नाहीये गं.’

‘मग?’

‘त्याला काय चालतं, तुलाच ठाऊक ना.’

कोणाच्या म्हशी आणि कोणाला उठाबशी! मी विचारलं, फेब्रुवारीत माझ्यासाठी का नाही ठरवलेस वार?

‘आर्डिस, तेव्हा कोणी आजारी नव्हतं.’

फोन ठेवला. पाऊण तास भांडी घासली. स्वच्छच होती.

२८ मे, गुरुवार

सकाळी धावताना देवाशी पुन्हा भांडण. शत्रूला जेवू घाल असं त्याने सांगून ठेवलंय आणि नवऱ्यासाठी वेगळी सूट दिलेली नाही. शोधून पाहिली.

केली हॉटडिश. मीठ घातलं नाही, डॉक्टरांनी मना केलंय म्हणून. थोडं रागानेही.

दार रॉशेलने उघडलं. मी मनात रंगवली होती त्यापेक्षा पुष्कळ थकलेली. व्हर्लिन झोपला होता. आतून त्याचं घोरणं ऐकू आलं. भांडं तिने दोन्ही हातांनी घेतलं.

‘तुम्ही दार वाजवलंत,’ ती म्हणाली. ‘बाकीच्या पायरीवर ठेवून जातात. मला वाटलं मांजर आलं.’

मला तिचा राग करायचा होता. घरी येईपर्यंत केलाही. पण जमवून आणावा लागला.

३ जून, बुधवार

व्हर्लिन गेला. पहाटे, झोपेत. रॉशेलने स्वतः फोन करून सांगितलं.

५ जून, शुक्रवार

कागदांवर सही केली नव्हती, म्हणून मी विधवा. दुपारपासून डबे येताहेत. फ्रिज भरला, ओटा भरला. लव्हॉन हॉटडिश घेऊन आली, गळ्यात पडली. ‘एकटी कशी राहशील गं आता?’ आता!

मी रडले. तिच्या मिठीमुळे नाही. त्याच्यासाठी रडले, आणि त्याचाच मला सगळ्यात संताप आला.

डोळे पुसून विचारलं, तिच्याकडे कोण जातंय?

‘कोणाकडे?’ लव्हॉन म्हणाली.

इथे भांड्याच्या तळाला आपलं नाव चिकटवतात, रिकामं झालं की घरी परत यावं म्हणून. लव्हॉन गेल्यावर तिचीच हॉटडिश उचलली, गाडीत ठेवली, तळ्याला वळसा घालून रॉशेलच्या हातात दिली. खाऊन झालं की भांडं लव्हॉनच्या घरी स्वतः नेऊन द्यायचं आणि दार वाजवायचं, हे तिला नीट समजावून सांगितलं.