वाघोबापाशी आधी पाला पाहावा

मी, लटारू वारलू गोहणे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मोहाटोला, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबाव आणणारे पुष्कळ आहेत. अंगणात बसून चहा पिऊन जातात. माझ्या डोक्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने यावे, मी घरीच आहे.

१. गाव आणि जंगल यांच्यामधल्या राखीव हिरव्या पट्ट्यात बंगल्यांची वसाहत बांधायला एक कंपनी निघाली आहे. तिच्याविरुद्ध गावाने हरकती घेतल्या होत्या. बाकी सगळ्यांनी मागे घेतल्या, माझी एकट्याची उरली. ती मी माझी मुलगी रंजीता, राहणार ब्रह्मपुरी, हिला देतो. हरकत वारशाने देता येत नाही, असे वकील म्हणाले. मग तिने आपल्या नावाने नवी घ्यावी. "तुझा काय संबंध?" असे तिला कोणी विचारू नये म्हणून पट्ट्याला लागून असलेली माझी धानाची बांधी तिच्या नावे करतो. बांधीतून कंपनीला रस्ता देऊ नये.

२. राहते घर मुलगा प्रफुल याला. तो कंपनीसाठी जमिनी पाहतो, फिरायला गाडीही त्यांचीच. "बाबा, तुमी एकटेच काऊन आडवे येऊन राह्यले?" असे मला विचारतो. अरे बाबू, वाघीण पिल्ले घेऊन त्या पट्ट्यातून जाते, म्हणून आपल्या अंगणात येत नाई. तिथी बंगले झाले तर ती आपल्या गोठ्यातून जाईन. एवढे तुले समजत नाई, याचे मला फार वाईट वाटते.

३. कुऱ्हाड आणि बैलजोडी माझा मित्र मुखरू आत्राम याला. शेजारच्या बापूरावने माझी शिडी नेली ती परत दिलीच नाही, आणि पोराच्या नोकरीसाठी हरकत सगळ्यांत आधी त्यानेच मागे घेतली. शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. माझ्या मयतीला मात्र त्याला खांदा लावू देऊ नये.

४. गेल्या महिन्यात माझा कुत्रा नाहीसा झाला. बिबट्याने नेला, असे सगळे म्हणाले. बिबट कुत्रा नेतो, पण दोरीची गाठ सोडून नेत नाही. दोरी तशीच खुंटीला ठेवली आहे.

५. माझे प्रेत पट्ट्यात सापडले आणि वाघाने मारले असे कोणी म्हटले, तर लगेच मानू नये. वाघाने माणूस मारला की गाव पेटते, जंगल साफ करा म्हणते, आणि कंपनीला तेच पाहिजे आहे. आमच्याकडे वाघोबाच्या दगडापाशी पाला ठेवल्याशिवाय कोणी जंगलात पाय टाकत नाही. प्रत्येक घराचे झाड वेगळे. मी जन्मात हे चुकवलेले नाही. म्हणून मुखरूने आधी दगडापाशी जावे. ताजा पाला नसेल, तर मी आपल्या पायाने गेलेलो नाही. आमच्या घरच्या झाडाचा असेल, तर खरोखर वाघानेच नेले. मग कोणाकडे बोट दाखवू नये. आमचे झाड मुखरूला माहीत आहे.

६. पाला पाहण्याआधी वाघाच्या भरपाईच्या अर्जावर जो सही करील, त्याला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये.

७. हे कलम आज सकाळी वाढवले. काल जेवताना प्रफुलने विचारले, "बाबा, वाघोबापाशी आपल्या घरचा पाला कोन्त्या झाडाचा ठेवतेत जी?"

त्याने आजवर कधी पाला ठेवला नाही. कधी विचारलेही नाही. मी त्याला धावड्याचा सांगितला.

आमचे झाड धावडा नाही.

मी माझ्या खाटेवर मेलो, तर हे सातवे कलम फाडून चुलीत घालावे आणि माझ्या पोराला ते कधीही कळू देऊ नये. देवा, असेच होऊ दे.

मृत्युपत्र मुखरूच्या घरी राहील.

ठिकाण: मोहाटोला
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४
सही: लटारू वारलू गोहणे

साक्षीदार:
१. देवराव खोब्रागडे, निवृत्त शिक्षक. माझ्यासमोर वाचून सही केली.
२. मुखरू आत्राम. दगडापाशी आधी मीच जाईन. धावड्याचा पाला दिसला तर त्याले हात लावनार नाई, पोलिसाईले बोलावीन.