वरचा जोड

१२ मे, सोमवार
खोदाईच्या मशीनखाली पुन्हा तेल. पुढच्या सोमवारी ते कालवा उपसायला जायचे आहे. तिथे बकेटच्या पुढ्यात माणसे राबतात. चालू कामात तेलाच्या दाबाचा पाइप सुटला तर लोखंडी हात त्यांच्यावर येईल.
गोदावन्सं म्हणाल्या, माझ्या भावाला खाल्ले या मशीनने, विकून टाक. मी म्हटले, गळती मी स्वतः काढीन. त्या म्हणाल्या, गोविंदपुरमच्या भजनात झांज धरवत नाही आणि पाना धरतेस!
मला भीती वाटत नाही.

१३ मे
मशीनचे पुस्तक वाचले, शब्दकोश घेऊन. आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, दाब काढा, मग पाना. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक धार कातडीत शिरते.
जेवले नाही. मंगळवारचे उपास सुरू करायचेच होते.

१४ मे
पाइपच्या खालच्या जोडाशी तेल दिसले. हाच गळतो, नक्की. वरचा बघायला नको. तो ह्यांनी आवळलेला आहे. आवळून उतरतानाच गेल्या वर्षी ह्यांचा पाय घसरला. ह्यांचे काम ढिले नसायचे.
शिवाय खालच्या जोडाला उभ्याने हात पोचतो.
ऑपरेटर रंगा म्हणाला, अक्का, तेल वरून ओघळतेय, मणी फिटरला बोलवू. मी म्हटले, तू चालव, फिटिंग मला कळते.

१५ मे
आवळला. रंगाला इंजिन सुरू करायला सांगून फाटकाबाहेर उभी राहिले. लांबून नीट दिसते.
तेल आहेच.

१६ मे
पान्याच्या दांड्याला पाइप जोडून आणखी आवळला. कट् असा आवाज आला. घट्ट बसल्याचा. रंगाने कपाळाला हात लावला. ऊन फार आहे.

१७ मे
तेल दुप्पट. उन्हाने पातळ होत असावे. मणीला निरोप दिला, नुसते बघून जायला.

१८ मे, रविवार
मणी स्वामीमलैहून आला. म्हणाला, खालचा जोड चांगला होता, तुम्ही आटे मोडलेत. तो बदलला. गळत होता वरचाच. आतली रबरी रिंग चेपून फाटली असणार, अण्णांनीही (म्हणजे ह्यांनी) तुमच्यासारखाच जोर लावला होता.
मग त्याने शिडी लावली. मला भात टाकायचा होता.
आतूनच विचारत राहिले, मणी, आहेस ना? दर वेळी उत्तर यायचे, आहे, अक्का. भात करपला तरी विचारत होते.
शेवटी रंगा दाराशी येऊन म्हणाला, अक्का, मणी रिंग बदलून केव्हाच उतरला, कॉफीला गेला. तुम्ही घाबराल म्हणून मीच ओ देत होतो. मशीन चालवून पाहिले, थेंब नाही. बाहेर या.
मी निघालेच होते. दाराला आतून कडी कुणी लावली, कोण जाणे.