माणदरी गाव कोणी वसवलं

बुधवार, संध्याकाळ. माणदरी, ता. आटपाडी.

आमच्या माणदरी गावाचा, जुन्या संस्थानाचा, इतिहास गावाने मला लिहायला सांगितला. आज राजांचे वंशज आबासाहेब छपाईसाठी दिलेली वही परत घेऊन आले. "बाई, गाव आमच्या पूर्वजांनी वसवलं, एवढं लिवा."

मी विचारलं, मग जत्रेत पहिला नारळ धनगरांच्या घरचा का फुटतो?

"रीत हाय ती. तुमी साताऱ्याच्या, तुमाला काय ठावं?"

याच माणसाला मी सातवीत इतिहास शिकवला. म्हटलं, रीत उगाच पडते का? धनगर आधी आले, विहीर त्यांनी खणली, राजे मागून आले. म्हणून तर पहिला नारळ त्यांचा.

"मग आमी छापणार न्हाई."

नका छापू. वही मी ठेवून घेतली आहे. उद्या देवळात उभी राहून सगळ्या गावासमोर वाचणार. आबासाहेबांनी पुढे बसावं.