अखंड खोडाचा खुलासा

मी, ढोल बनवणाऱ्याची पत्नी, चार महिन्यांपासून विधवा, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. दबाव आणायला दीर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी चहा दिला, उत्तर दिले नाही.

१. राहती खोली व बँकेतली ठेव मुलाला. तो ढोल बनवत नाही, वाजवतही नाही. घरात एवढी शांतता दुसऱ्या कोणी दिली नाही.

२. कारखाना, लाकूड आवळायचे शिकंजे, वाफेची पेटी व सरसाचे भांडे सुनेला. ती पट्ट्या चिकटवून जोडाचे ढोल करते, ते दिरांना खपत नाही, म्हणून त्यांना कारखाना हवा आहे. ढोलाच्या लाकडी अंगाला आम्ही खोड म्हणतो. ते एकाच लाकडातून कोरलेले हवे, हा यांचा बाणा. "जोड आला की खोड आली," असे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. दिरांना तेवढेच पाठ आहे.

३. म्हणून खुलासा. दर्शनी कपाटातला 'अखंड' पाटीचा ढोल अखंड नाही. यांचा खांदा निखळला त्या वर्षी त्याचे खोड मी केले. पातळ पट्ट्या वाफेवर वाकवल्या, तीन थर सरसाने चिकटवले, आतबाहेर रंग दिला आणि जुन्या साठ्यातले म्हणून यांच्यापुढे ठेवले. चामडे यांनी चढवले. भिंत पातळ असली की तीही चामड्याबरोबर थरथरते, आवाज खोल उतरतो. यांची खोडे दोन बोटे जाड. आवाज खणखणीत, पण नुसता चामड्याचा. कड सपाट नसेल तर दोन्ही बद्दच वाजतात.

दिरांनी त्यावर थाप मारून डोळे मिटले होते. "वहिनी, जोडाचा असता तर असा घुमला असता का?"

"छे हो, भाऊजी," मी म्हणाले.

४. तो ढोल दिरांना. अट एकच: सुनेसमोर चामडे उतरवून आतले मोठ्याने वाचावे. मी गेल्या महिन्यात चामडे बदलताना वाचले. सांध्यापाशी यांच्या कोरणीने कोरले आहे: "सांधा छान. तू सांगेपर्यंत मी गप्प."

एकवीस वर्षे मी समजत होते, यांना कळले नाही. आज सांगितले.

ठिकाण: कारखान्यामागची खोली
दिनांक: ९ ऑगस्ट २०१९
सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. सरसवाले दुकानदार (सही) २. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)