माझे डोळे आणि देवेशचं कुलूप

मी, श्रीमती मनोरमा रमेश चुरी, वय एकोणसत्तर, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार विरार पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दबाव नाही, दाराला बाहेरून कुलूप तेवढं आहे.

१. राहती सदनिका माझा एकुलता मुलगा चि. देवेश यास मिळावी. कुलूप त्याचंच आहे. माझ्या डोळ्यांतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, कडेकडून मरत आलाय. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. गेल्या वर्षी रिक्षेचा धक्का लागला, तेव्हापासून ऑफिसला जाताना तो सेफ्टी डोअर बंद करून जातो. "आई, तू एकटी बाहेर पडलीस की माझा जीव टांगणीला लागतो गं." माया खरी आहे त्याची. पण आत माझा जीव गुदमरतो, तेही खरंच आहे.

२. काचेच्या टाकीतले गोल्डफिश देवेशलाच. रोज खायला घालावं आणि त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहावं. मासा वाढतो तसा त्याचा पडदा कडेने जन्मभर वाढत राहतो. बेडकाचंही तेच. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून आल्यावर थोडे दिवस ही हौस करतं. माणसाचं मात्र जन्माच्या आसपासच दुकान बंद! आयुष्यभर हे फळ्यावर काढून शिकवलं, आणि माशाला जिथे नवं फुटतं, नेमकं तिथूनच माझं जायला लागलं. मला याचा भयंकर राग येतो.

३. सूक्ष्मदर्शक व भ्रूणांच्या काचपट्ट्या माझ्या कॉलेजला. "बाईंना आता प्रॅक्टिकल झेपत नाही" म्हणणाऱ्या विभागप्रमुखांनी त्यांना हात लावू नये.

४. माझे डोळे दान करावेत. पडदा गेला तरी पुढची काच, कॉर्निया, शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. मात्र मृत्यूनंतर सहा तासांत ती काढावी लागते. देवेश सकाळी जातो तो रात्री येतो. मी दिवसा गेले तर दार उघडणार कोण?

सबब, समोरच्या सौ. रिटा डाबरे यांना मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. कुलपाची दुसरी किल्ली देवेशने त्यांच्याकडे द्यावी. मी मेल्यावर नव्हे, आजच. मेलेल्या आईच्या डोळ्यांसाठी जे दार उघडेल, ते जित्या आईसाठी उघडतं का, हे मला दिसतंय तोवर पाहायचं आहे.

(सही) मनोरमा रमेश चुरी

साक्षीदार: मनोरमा मॅडमना सही करताना आम्ही दोघांनी सेफ्टी डोअरच्या जाळीतून पाहिलं. कागद गुंडाळून त्यांनी बाहेर दिला, आणि त्यांच्यादेखत आम्ही सह्या केल्या.

(सही) रिटा स्टॅनी डाबरे
(सही) स्टॅनी डाबरे
दोघेही दाराबाहेर.

स्थळ: विरार, दाराच्या आत
दिनांक: ५ ऑगस्ट २०२५